घरी जनावरं नाहीत

चौथी शेळी गाभडली तेव्हा ऊन नुकतंच गोठ्याच्या दारापर्यंत आलं होतं. हातवाली गुडघे टेकून बसली होती, उजवा हात मनगटाच्याही वर आत गेलेला आणि डोळे मिटलेले. हे काम ती नेहमी डोळे मिटूनच करायची. आत काय आहे ते हाताला कळतं, डोळ्यांनी मध्ये लुडबूड कशाला करायची, असं तिचं म्हणणं. तिचा पंजा लहान मुलीच्या पंजाएवढा होता, आणि त्या एका गुणावर गावातल्या साऱ्या अडलेल्या शेळ्या तिच्या हवाली होत्या. कुठे पिल्लू आडवं आलं की हिला बोलावणं यायचं आणि ही जेवत्या ताटावरून उठायची. लोक चहा पाजायचे, "मावशी, तुमचा हात सोन्याचा" म्हणायचे आणि मोकळे व्हायचे. त्या हातावरूनच तिला हातवाली हे नाव पडलं होतं.

"धर घट्ट," ती सुनेला म्हणाली. "मान झटकू देऊ नकोस."

सून शेळीचं डोकं मांडीशी दाबून बसली होती. तिला सहावा महिना होता. पोट मध्ये येत होतं म्हणून ती एका कुल्ल्यावर तिरकी बसली होती, आणि शेळीने धडपड केली की तिचाही तोल जात होता.

पिल्लू आलं ते थंडच आलं. अंगावर अजून नीट केसही नव्हते. तरी हातवालीने फडक्याने त्याचं नाक पुसलं, तोंड लावून दोनदा फुंकर घातली, छाती चोळली. मग तिने त्याला टोपलीत ठेवलं आणि वार ओढून काढायला पुन्हा हात घातला.

"आई, हिचं पण?" सुनेने विचारलं.

"हिचं पण. ओढ्याकाठचा पाला बाधतोय, दुसरं काय. उद्यापासून तिकडे चारायला न्यायच्या नाहीत."

पाल्यावर खापर फोडलं की जिवाला जरा बरं वाटायचं. पाला बदलता येतो.

हात राखेने घासून, बादलीत धुऊन ती दुसऱ्या शेळीखाली बसली. ही महिन्यापूर्वी गाभडली होती, पण दूध बरं देत होती. हातवालीने वाटीभर धार काढली आणि फेस बसायच्या आत सुनेपुढे धरली.

"पी. ऊब आहे तोवर पी. उकळलं की दुधातला जीव जातो."

सुनेला त्या वासाने मळमळायचं. तरी ती नाक दाबून प्यायची, कारण सासू समोर उभी राहून वाटी रिकामी होईपर्यंत बघत राहायची. सुनेला पहिल्या खेपेला दिवस राहिले होते, घरात दुसरं खाऊपिऊ घालण्यासारखं काही नव्हतं, आणि हातवालीची सगळी माया त्या वाटीत होती.

ताप आला तो त्याच आठवड्यात. दुपार कलली की सुनेला हुडहुडी भरायची, संध्याकाळी अंग तापायचं, पहाटे घामाने अंथरूण भिजायचं. सकाळी उठली की पुन्हा ठणठणीत. कंबर मात्र अशी धरायची की केर काढताना ती भिंतीला हात लावत लावत पुढे सरकायची. हातवालीने दोन-चार दिवस काढे दिले. मग मुलगाच म्हणाला, "दवाखान्यात ने तिला. पण आई, तिथे..."

"कळतं मला," हातवाली म्हणाली.

साऱ्या गावाला कळत होतं. माणसांचा दवाखाना आणि जनावरांचा दवाखाना एकाच आवारात होते, मध्ये एक भिंत. भांडलेल्या जावांसारखे वर्षानुवर्षं शेजारी राहिले, पण बोलणं नाही. मग वरून हुकूम आला की यापुढे बोलायचं. माणसांचे कितीतरी आजार जनावरांकडून येतात, तेव्हा इकडचं तिकडे कळलं पाहिजे. भिंतीला दार पाडलं. तेव्हापासून माणसांची डॉक्टर जनावरांची चौकशी करायला लागली आणि जनावरांचा डॉक्टर माणसांची. लोक आधी हसले. एका भल्या माणसाने डॉक्टरीणबाईंना सगळं खरं खरं सांगितलं, मला ताप येतो, माझ्या शेळ्या गाभडतात. चौथ्या दिवशी गाडी आली, पांढऱ्या कपड्यातली माणसं उतरली आणि त्याचा सगळा कळप खड्ड्यात गेला. भरपाई आली ती एवढी की त्याने तिच्यातून चष्मा केला. आता त्याला गाव चष्मेवाला म्हणतं. दिसतं चांगलं, बघायला गोठ्यात काही नाही.

त्यानंतर दूधवाल्याने घरोघरी जाऊन सांगितलं. सगळ्यांचं दूध तोच गोळा करायचा आणि सगळ्यांत मोठा कळपही त्याचाच. इकडे विचारलं तर जनावरं नाहीत, तिकडे विचारलं तर ताप नाही. एकाने तोंड उघडलं तर सगळे बुडू. आणि गावाने ते इमानाने पाळलं.

दवाखान्यातल्या बाकाचा एक पाय विटेवर होता. सून बसली की बाक डुगडुगायचं, म्हणून हातवाली दुसऱ्या टोकाला भार देऊन बसली. समोरच्या भिंतीवर चित्र होतं, एका छत्रीखाली बाई, मूल आणि शेळी. शेळी हसत होती.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. पेनचं टोपण दातात धरून त्यांनी सुनेचं पोट तपासलं, डोळे पाहिले, कंबर दाबली.

"घरी जनावरं आहेत?"

"नाहीत," हातवाली म्हणाली.

"शेळी, मेंढी, गाय, काहीच नाही?"

"नाही हो बाई. दोन कोंबड्या होत्या, त्या मुंगसाने नेल्या."

कोंबड्या कधी नव्हत्याच. पण खोटं बोलायला लागलं की तोंड आपोआप चालतं, हे हातवालीला त्या दिवशी कळलं.

"दूध कुठून घेता?"

"विकतचं. चांगलं खळखळून उकळतो."

सून जमिनीकडे बघत होती. नाडी पाहायला डॉक्टरीणबाईंनी तिचा हात धरला आणि तिच्या बाहीवरचा एक राठ पांढरा केस चिमटीत उचलला. उजेडात धरून पाहिला. हातवालीने सुनेची बाही झटकली.

"मावशी, मी पोलीस नाही," बाई म्हणाल्या.

"नाही नाही. कोण म्हणतं?"

"रक्त तपासायला पाठवायचं तर मला जनावरांचं कारण लिहावं लागतं. नाहीतर वरचे घेत नाहीत. हिचं आणि बाळाचं बरं व्हावं म्हणून विचारतेय."

बाई थांबल्या. चांगल्या थांबल्या. दारात रांग ढकलाढकली करत होती, कुणाचं तरी मूल रडत होतं. हातवालीच्या जिभेवर आलं होतं. पण डोळ्यांपुढे चष्मेवाल्याचा गोठा उभा राहिला, धुऊन पुसून स्वच्छ, खुंट्यांना नुसते दोर. तिने मान हलवली. बाईंनी तो केस फुंकून टाकला आणि तापाच्या साध्या गोळ्या लिहून दिल्या.

परतताना वाऱ्याने धूळ उडत होती. सून तोंडावर ओढणी धरून म्हणाली, "आई, सांगायला हवं होतं का?"

"सांगून काय? खड्डा खणू? तुझं बाळंतपण काय मातीवर करायचं? शेळ्या आहेत म्हणून घर आहे. तू एकदा मोकळी हो, मग मीच जाऊन सांगते."



आठवडा झाला नसेल तोच जनावरांचा डॉक्टर मोटारसायकलवरून आला. येतोय ही बातमी त्याच्याआधी पोचली होती. मुलाने गाभडलेल्या शेळ्या ओढ्यापलीकडे हाकल्या. पण सुनेचं काय? दुपारची वेळ, तिचे दात वाजत होते. घरात दोनच खोल्या, दाराला पडदा.

"गंजीमागे बस जा," मुलगा म्हणाला. "पटकन."

सून वैरणीच्या गंजीमागे जाऊन बसली आणि हातवालीने तिच्यावर वैरणीचे भारे रचले. आपण काय करतोय हे तिला दिसत होतं, तरी हात थांबले नाहीत.

डॉक्टर उंच, वाळका माणूस. त्याला वैरणीच्या धुळीने शिंका यायच्या, जन्माचा धंदा आणि नेमकी त्याचीच बाधा. तो शिंकत शिंकत गोठ्यात फिरला, शेळ्यांचे डोळे पाहिले, कास चाचपली. "यंदा कुठली गाभडली?"

"छे. सगळ्या धडधाकट."

"घरात कुणाला ताप?"

"कुणाला नाही."

"सूनबाई दिसत नाहीत. डॉक्टरबाई म्हणत होत्या, दवाखान्यात आलेल्या."

"माहेरी गेली. परवाच," हातवाली म्हणाली, आणि त्याच क्षणी मुलगा म्हणाला, "झाले की आठ दिवस."

मुलाने एकदम कोयता उचलला आणि वैरण तोडायला घेतली, खाडखाड, खाडखाड, जणू आज सगळी गंज संपवायची आहे. गंजीमागून आलेला खोकला त्या आवाजात गेला की नाही, कोण जाणे. डॉक्टर थोडा वेळ गंजीकडे बघत राहिला. मग शिंकला.

"शेळ्यांचं थोडं रक्त घेऊ? एक सुई फक्त."

"गाभण आहेत साहेब. आता सुई नको."

"तुम्ही नको म्हटल्यावर मला हात लावता येत नाही. लावायचा तर वरून कागद आणावा लागतो, आणि कागदाला महिने लागतात." तो हे भांडून बोलला नाही, दमून बोलला. मोटारसायकल दोनदा बंद पडून तिसऱ्यांदा चालू झाली.

भारे बाजूला केले तेव्हा सून घामाने निथळत होती. गालांना, पापण्यांना, ओठांना भुसा चिकटलेला. ओढणीचा बोळा तिने दातांत धरला होता, तो काढायला तिला वेळ लागला.

"आई, ते माझ्यासाठी आले होते का शेळ्यांसाठी?"

हातवालीने तिच्या तोंडावरचा भुसा पुसला. 

कळा सुटल्या त्या एका सकाळी, भांडी घासताना. दिवस भरले नव्हतेच. दूधवाल्याच्या टेम्पोत कॅनच्या मध्ये तिला आडवी करून नेलं. दूधवाला स्वतः चालवत होता. उतरवताना तो हातवालीच्या कानाशी येऊन म्हणाला, "मावशी, जीभ सांभाळून."

हातवालीला आत येऊ दिलं नाही. साऱ्या गावच्या शेळ्या सोडवणारी बाई दाराबाहेर भिंतीला टेकून बसली, हात मांडीवर उताणे. आतून सुनेचा आवाज येत होता, मग येईनासा झाला. मूल रडण्याचा आवाज आलाच नाही.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. त्यांच्या कपाळावर घाम होता. त्या हातवालीसमोर उकिडव्या बसल्या.

"मूल गेलं, मावशी. मुलगा होता. हिला फार ताप आहे, रक्तही जातंय. आता तरी सांगा. एवढी एक तरी हाताशी राहू दे."

"आहेत," हातवाली म्हणाली. "डझनभर शेळ्या आहेत. चार गाभडल्या. हिने डोकी धरली, मी हात घातला. दूध कच्चंच दिलं. मी दिलं, बाई. ती नको म्हणायची, मी समोर उभी राहून पाजलं."

बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "या तापाला औषध आहे," त्या म्हणाल्या. "बाळ पोटात असताना चालेल असंही होतं." आणि उठून भिंतीतल्या दाराकडे गेल्या. दारापलीकडे शिंक ऐकू आली.

रक्ताचा निकाल आला तशी गाडीही आली. खड्डा दूधवाल्याच्या कुंपणालगत खणला, माती तिथे मऊ होती म्हणून. शेळ्या त्या पांढऱ्या कपड्यातल्या माणसांना बुजून गोठ्यात पळापळ करायला लागल्या. शेवटी वाळका डॉक्टर अवघडून म्हणाला, "मावशी, तुमच्या मागे येतील का?"

आल्या. हातवाली पुढे आणि शेळ्या मागे, पाणी पाजायला नेल्यासारख्या. एक तिचा पदर चघळत होती. खड्ड्यापाशी तिने पदर शेळीच्या तोंडातून सोडवला आणि मागे न बघता घरी आली. चुन्याचा वास मात्र घरातही आला, दिवसभर राहिला.

मुलगा त्या दिवशी जेवला नाही. पिशवीत दोन कपडे भरत म्हणाला, "नाही म्हणालीस तेव्हा मला विचारलं नाहीस, आई. हो म्हणालीस तेव्हाही नाही."

"ती मरत होती रे."

"म्हणूनच गप्प आहे. नाहीतर गप्प राहिलो नसतो." तो विटांच्या कामावर निघून गेला, बायको दवाखान्यातून घरी यायच्या आत.

मग दोन्ही डॉक्टर एकाच गाडीतून आले. गावात असं पहिल्यांदाच घडत होतं. दोघंही हातवालीच्या ओट्यावर बसले, तिने दिलेलं पाणी प्यायले.

"मावशी, तुम्हाला प्रत्येक गोठ्यात बोलावतात," बाई म्हणाल्या. "यंदा कुठे कुठे मेलेली पिल्लं काढली, तेवढं दाखवा. कुठली बाई पोटुशी आहे, कुणाला ताप आहे, ते मी बघते. शेळ्यांचं हे बघतील."

ती त्यांच्याबरोबर निघाली. आता तिच्याकडे गमवायला काही उरलं नव्हतं, निदान कुणाचं मूल तरी राहील, असं तिला खरंच वाटलं. गल्लीतली दारं ती यायच्या आधी लागत होती. कालपर्यंत सोन्याचा असलेला हात बघून बायका मुलांना आत ओढत होत्या.

दूधवाल्याच्या अंगणात तो कॅन धूत होता. दारात त्याची सून उभी होती, पाचवा-सहावा महिना असेल, भिंतीला खांदा टेकून.

"या गोठ्यात," हातवाली म्हणाली. "काळी शेळी. दोन मेलेली काढली मी. या पोरीनेच मान धरली होती."

दूधवाल्याने कॅन शांतपणे उपडा घातला. "साहेब, मावशीचं दुःख मोठं आहे. आपलं गेलं की सगळ्यांचं जावं असं वाटतं माणसाला. आम्ही मनावर घेत नाही."

"काळी शेळी बघू?"

"विकली."

"मेलेली पिल्लं?"

"कुठली पिल्लं?"

डॉक्टरीणबाई सुनेकडे वळल्या. "तू सांग. तुला ताप येतो का? घाबरू नकोस."

त्या मुलीने सासऱ्याकडे बघितलं नाही, हातवालीकडे बघितलं. "आमच्याकडे असं काही झालं नाही. मावशींचं डोकं ठिकाणावर नाही तेव्हापासून."

"रक्त देतेस थोडं?"

"ती काय म्हणून देईल?" दूधवाला म्हणाला. "कागद आणा, साहेब."

दोघं डॉक्टर एकमेकांकडे बघत राहिले. दार पाडलं होतं, गाडी एक होती, मन एक होतं, आणि समोर सगळी दारं बंद. पुढच्या गल्लीत जाण्यात अर्थ नव्हता. गाडीत बसताना बाई म्हणाल्या, "तुम्ही आम्हाला सांगितलंत ते बरं केलंत." हातवालीला ते ऐकवलं नाही.

सून घरी आली ती वाळून काडी होऊन. दोन तऱ्हेच्या गोळ्या, दीड महिना, एकही चुकवायची नाही. ताप उतरला. ती उठायची, गोळी घ्यायची, पाणी प्यायची, खाटेवर बसून दाराबाहेर बघायची.  दूध आटवण्याच्याही गोळ्या दिल्या होत्या, तरी तिच्या कपड्यांवर ओले डाग पडायचे आणि हातवाली ते कपडे तिच्या नकळत धुऊन टाकायची.

एका दुपारी मागच्या दाराशी पावलं वाजली. दूधवाल्याची सून होती. रणरणत्या उन्हात अंगाभोवती शाल गुंडाळून उभी, ओठ सुकलेले.

"मावशी," ती हळूच म्हणाली, "वहिनींच्या गोळ्यांतल्या थोड्या द्याल? रोज दुपारी हुडहुडी भरते. कंबर तर उचलत नाही."

हातवालीने तिचा हात धरला. हात चुलीजवळच्या भांड्यासारखा तापला होता.

"या गोळ्या पोटुशीला चालत नाहीत, बाळ. तुझ्यासाठी वेगळ्या आहेत, बाईंनी सांगितलंय मला. चल, आत्ता चल. मी येते बरोबर."

"तिथे विचारतात."

"विचारू दे. हो म्हण."

"बाळंत होईपर्यंत तोंड उघडायचं नाही म्हणालेत घरी."

"अगं, मीही हेच म्हणाले होते!" हातवालीचा आवाज चिरकला. "घरी जनावरं नाहीत म्हणाले मी. बघ माझ्याकडे. खरं बोललीस तर तुझं मूल राहील."

मुलीने हात सोडवून घेतला. तिच्या बोलण्यात राग नव्हता. ती खरोखरच विचारत होती.

"शेवटी खरं सांगितलंत ना तुम्ही? गोठा गेला, मूल गेलं, दादा घर सोडून गेले. काय वाचलं तुमचं, मावशी?"

ही वाचली, असं म्हणायला हातवालीने तोंड उघडलं. खाटेवरून सून तिच्याकडेच बघत होती. त्या डोळ्यांकडे बघून हातवालीने तोंड मिटलं, आणि ती मुलगी शाल सावरत कुंपणापलीकडे निघून गेली.